दुपारचं सॉकेट

पारोळ्याकडचे एक शेतकरी टेम्पोत 63 एमएमचे अकरा पाईप टाकून थेट कारखान्याच्या गेटवर आले. ‘हाई पाईप एकमेकमा जास नही, भाऊ.’ पूर्वहंगामी कापसाची लागवड तोंडावर आणि ठिबकची मेन लाईनच अडलेली. चार सॉकेटं, म्हणजे पुढचा पाईप आत बसावा म्हणून फुगवलेली पाईपाची तोंडं, त्यांनी पऱ्हाट्यांच्या जाळावर गरम करून बसवून पाहिली होती, ती काळी पडली होती.

जळगाव एमआयडीसीत पीव्हीसी पाईपच्या कारखान्यात मी क्वालिटी बघतो. पाईप बदलून दिले, त्या बॅचचा उरलेला माल लाल टॅग लावून बाजूला काढला. गुणवत्तेचं मानक आयएसओ 9001 याला नुसतं करेक्शन, म्हणजे तेवढ्यापुरती दुरुस्ती म्हणतं. कारण शोधून ते मुळातून काढणं हे 10.2 कलमातलं पुढचं काम. आमच्याकडे पहिल्यावरच गाडी थांबायची. फाइल काढली तर घट्ट सॉकेटच्या आधीच्या तीन एनसी (नॉन-कन्फॉर्मिटी, म्हणजे दोषाच्या नोंदी), आणि तिन्हींच्या कारणाच्या रकान्यात एकच ओळ: ‘ऑपरेटरचे दुर्लक्ष. समज दिली.’ दोनदा तर अक्षर माझंच. महिने एप्रिल, मे, मे. ते एकाखाली एक ठेवून कुणी पाहिलेच नव्हते.

सॉकेटिंग मशीनवरच्या आप्पांना तीनदा ‘समज’ मिळालेली. ते शांतपणे म्हणाले, ‘साहेब, रातचा माल पहा अन् दुपारचा पहा.’

पाईपावर शिफ्ट छापलेली असतेच. सॉकेटचं माप तपासायचा गेज घेऊन बसलो. रात्रपाळीची सॉकेटं बिनबोभाट पास, दुपारची अडकत होती. बाहेर 44 अंश. पत्र्याखालच्या टाकीत थर्मामीटर सोडला तर थंड करायचं पाणीच 38 अंशांवर, आणि कूलिंगचा टायमर डिसेंबरात लावलेला तसाच. पीव्हीसीला स्वतःच्या जुन्या मापाची आठवण फार. तापवून फुगवलेलं तोंड साच्यावर पुरतं थंड होण्याआधी उतरवलं, की ते पुन्हा आवळायला लागतं. उतरवल्या उतरवल्या गेज जातो, निवल्यावर जात नाही.

हे तपासणीत सापडायला हवं होतं. पण आम्ही सॉकेट मोजायचो सकाळी आठला, शिफ्टच्या पहिल्या नगावर, तेही गरम असताना. खाली सही माझी. जबाबदार व्यक्तीच्या रकान्यात या वेळी स्वतःचं नाव लिहिलं. मॅनेजर म्हणाले, ‘ऑडिटरला काय वाटेल?’ मी म्हटलं, चौथ्यांदा आप्पांचं नाव पाहून जास्त वाटेल.

टायमर पाण्याच्या तापमानाप्रमाणे बदलायचा, टाकीवर सावली, निवलेल्या सॉकेटची तपासणी दुपारी तीनला. 75 आणि 90 एमएमच्या लाईनवरही तेच पाणी फिरतं, तीही मोजली. 75चा माल थोडा अडला. जून उजाडेपर्यंत रोज तीनला मीच गेज घेऊन उभा राहिलो. एकही सॉकेट अडलं नाही, तेव्हा एनसी बंद केली.

बदली पाईप टेम्पोत चढवताना शेतकरीदादांनी बिचकतच विचारलं होतं, ‘त्या जळेल चार बी लेतस का?’ घेतले. लॅबच्या फळीवर अजून आहेत, आणि दार बंद राहिलं की खोलीत धुराचा वास येतो.