संत्र्याच्या बागेसाठी ब्रश कटर : निवड आणि देखभाल यांचा माझा अनुभव

काटोल तालुक्यातील आमच्या संत्र्याच्या बागेत पावसाळा स्थिरावला की गवत इतके माजते की दोन ओळींमधून चालताना ठिबकच्या नळ्यासुद्धा दिसत नाहीत. काळ्या जमिनीत सलग पाऊस झाल्यावर ट्रॅक्टर आत घालता येत नाही, आणि उघडीप मिळाली तरी रोटाव्हेटर फिरवण्यास माझे मन तयार होत नाही, कारण संत्र्याची अन्न शोषणारी तंतुमुळे जमिनीच्या वरच्या थरातच पसरलेली असतात आणि ती दर हंगामात तुटत राहिली तर झाड हळूहळू खंगते. मजुरांचा प्रश्न वेगळाच आहे. बागेत गवत वाढते त्याच दिवसांत सोयाबीन आणि कपाशीचे निंदण सुरू असते आणि गावातील प्रत्येक हात आधीच बोलून ठेवलेला असतो. नागपुरात नोकरी करून सुटीच्या दिवशी बागेत जाणाऱ्या माझ्यासारख्या माणसाला म्हणूनच पेट्रोलवर चालणारे ब्रश कटर, ज्याला आमच्याकडे सरसकट ग्रास कटर म्हणतात, घेण्याचा विचार करावा लागला.

दुकानात जाण्यापूर्वी मी बागेत एक फेरी मारून नेमके काय कापायचे आहे हे पाहिले, आणि पुढचे सगळे निर्णय त्या फेरीवर ठरले. ओळींच्या मध्ये हराळी, लव्हाळा आणि इतर मऊ गवत होते. धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, तरोटा, आघाडा आणि गाजरगवत होते. काटेरी तारेच्या कुंपणालगत मात्र घाणेरी, बोरी आणि वेडी बाभूळ यांची मनगटाएवढी जाड खोडे झाली होती. या तीन जागांना एकच कटर लावता येते, पण एकच पाते लावता येत नाही. मऊ गवताला नायलॉनची दोरी पुरते, टणक झालेल्या तरोट्याला तीन दात्यांचे पोलादी पाते लागते, आणि बोटाएवढ्या झुडपांसाठी बारीक दात्यांचे गोल पाते बरे पडते. मनगटाएवढ्या खोडाला यापैकी कशानेही हात लावू नये. ते काम कुऱ्हाडीचे किंवा करवतीचे आहे, आणि घाणेरी तर बुंध्यापासून पुन्हा फुटत असल्यामुळे ती मुळासकट खणूनच काढावी लागते.

नागपुरातील कॉटन मार्केट परिसरातील दुकानांत बोलणे बहुतेक वेळा इंजिनाच्या सीसीवरून सुरू होते आणि तिथेच संपते. ५२ सीसीचे स्वस्त यंत्र ३५ सीसीच्या महाग यंत्राशेजारी ठेवले की पहिलेच फायद्याचे वाटते. प्रत्यक्षात दिवसभर खांद्यावर वागवायचे यंत्र निवडताना वजन, कंपन आणि सुटे भाग यांना अधिक महत्त्व द्यावे, असे माझे मत आहे. दुकानदाराला मी तीनच गोष्टी विचारल्या : कार्बोरेटरचा डायफ्रॅम (इंजिनाला पेट्रोल पुरवणाऱ्या भागातला पातळ पडदा), क्लच (इंजिनाची गती पात्याकडे नेणारा भाग) आणि स्टार्टरची दोरी नागपुरात आज दुकानात आहे का. या प्रश्नावर जो दुकानदार उठून डबा काढून दाखवतो, त्याच्याकडे पुढची चौकशी करावी.

टू स्ट्रोक आणि फोर स्ट्रोक यांतील निवड मी यंत्र कोण चालवणार हे पाहून केली. टू स्ट्रोक इंजिन वजनाला हलके आणि ताकदीला चांगले असते, परंतु त्याला पेट्रोलमध्ये ऑइल मिसळून द्यावे लागते. चांगल्या टू स्ट्रोक ऑइलसाठी हे प्रमाण सामान्यतः १ : ५० असते, म्हणजे एक लिटर पेट्रोलला २० मिली. घाईत एखाद्याने नुसते पेट्रोल ओतले तर पिस्टन जाम होण्यास फार वेळ लागत नाही. आमच्याकडे यंत्र बहुतांशी सालदार, म्हणजे वर्षभरासाठी ठेवलेले शेतगडी, चालवतात, कधी त्यांचा मुलगा चालवतो, आणि डब्यात मिसळलेले पेट्रोल आहे की साधे, हा घोळ प्रत्येक वेळी मी तिथे उभा राहून मिटवू शकत नाही. त्यामुळे होंडाचे जीएक्स ३५ हे ३५.८ सीसीचे फोर स्ट्रोक इंजिन, सरळ दांडा आणि सायकलसारखा दुहेरी हँडल असलेले यंत्र मी घेतले. त्याचा आवाज आणि पेट्रोलचा खर्च कमी आहे. उणीव अशी की त्यात ऑइल केवळ १०० मिली मावते, त्यामुळे ते थोडे जरी कमी झाले तरी फरक पडतो आणि प्रत्येक वेळी सुरू करण्याआधी पातळी पाहणे अनिवार्य ठरते. पहिले ऑइल १० तासांनंतर आणि पुढे दर ५० तासांनी बदलावे, असे त्याच्या पुस्तिकेत आहे, आणि मी भिंतीवरच्या कॅलेंडरवर तासांची नोंद ठेवतो.

पाठीवर इंजिन बांधण्याचा प्रकारही मी पाहिला. उताराच्या जागी तो सोयीचा आहे, पण त्यातील लवचीक शाफ्टला वेगळी निगा लागते आणि अडचणीच्या प्रसंगी तो अंगावरून पटकन उतरत नाही. सपाट बागेला खांद्यावरचा प्रकार पुरेसा आहे, मात्र पट्टा दोन्ही खांद्यांवर येणारा असावा. सालदारांनी पहिल्याच दिवशी सांगितले, “भाऊ, पट्टा बराबर नसला तं संध्याकाळी हात उचलत नाही.” यंत्र पट्ट्याला अडकवल्यावर हात सोडूनही पाते जमिनीच्या किंचित वर तरंगत राहिले पाहिजे, एवढे पाहून आम्ही पट्ट्याची लांबी ठरवली.

संत्र्याच्या बागेत या यंत्राचा सर्वांत मोठा धोका माणसाइतकाच झाडालाही आहे, आणि विक्रेते याबद्दल फारसे बोलत नाहीत. वेगाने फिरणारी नायलॉनची दोरी खोडाला दोन-तीनदा जरी लागली तरी साल सोलून निघते, आणि तरुण कलमांची साल तर फारच नाजूक असते. अशा जखमेतून फायटोफ्थोरा ही बुरशी आत शिरते व खोडातून डिंक गळणारा डिंक्या रोग होतो. पावसाळ्यात पाणी धरून ठेवणाऱ्या आमच्या काळ्या जमिनीत तिला हवे ते सगळे आयते मिळते. म्हणून खोडाभोवती दोन फुटांच्या आत यंत्र न्यायचे नाही, तेवढी जागा विळ्याने किंवा खुरप्याने साफ करायची, हा नियम आम्ही पाळतो. पावसाळ्यापूर्वी आणि नंतर खोडांना बोर्डो मलम लावतो, त्यासाठी एक किलो मोरचूद, एक किलो चुना आणि दहा लिटर पाणी हे नेहमीचे प्रमाण वापरतो. गवत कापण्यापूर्वी ठिबकच्या नळ्या खोडाकडे सरकवून ठेवतो. कापलेले गवत ओळीतच पसरू देतो, कारण ते ओल टिकवते. त्याला अपवाद फक्त बी धरलेल्या गाजरगवताचा. खरे तर गाजरगवत कापूच नये. ते बुडातून फुटून आणखी खाली फुलते. फुलोऱ्याआधी ओल्या जमिनीतून हातमोजे घालून उपटणे हाच त्यावरचा उपाय आहे.

कापण्याची पद्धत पाहण्यास सोपी वाटते, पण तिला शिस्त आहे. वरून पाहिले असता पाते घड्याळाच्या उलट दिशेने फिरते, त्यामुळे उजवीकडून डावीकडे फटका मारत पुढे सरकावे. पोलादी पात्याच्या पुढच्या उजव्या भागाला खोड किंवा दगड लागला तर यंत्र उलट झटका देते, म्हणून खोडाला तो भाग कधीही लावू नये. कुंपणाच्या तारेजवळ आम्ही पोलादी पाते वापरत नाही. काम चालू असताना १५ मीटरच्या आत कोणीही उभे राहायचे नाही, आणि चालवणाऱ्याने चष्मा, गमबूट आणि जाड पँट घातल्याशिवाय इंजिन सुरू करायचे नाही. बूट तर घोणसाच्या भीतीनेही लागतात.

आणखी एक सवय मला खटकते, ती म्हणजे गार्ड, म्हणजे पात्यामागचे संरक्षक झाकण, काढून टाकण्याची. गार्डवरील छोटे पाते जास्तीची दोरी कापून तिची लांबी मर्यादेत ठेवते. गार्ड काढला की दोरी लांब होते, एका फटक्यात जास्त गवत कापले जाते, म्हणून माणूस खूश होतो. पण इंजिनावर ओझे वाढते आणि क्लच तापून झिजतो. अर्ध्या थ्रॉटलवर काम करण्यानेही क्लच असाच घसरत राहतो.

नायलॉनच्या दोरीबद्दल नागपूरच्या हवेचा विचार करावाच लागतो. नायलॉन पाणी शोषते, आणि ४५ अंशांच्या उन्हाळ्यात पत्र्याच्या खोलीत पडलेले बंडल इतके कोरडे होते की दोरी हेडच्या (ती गुंडाळलेली असते त्या फिरत्या डबीच्या) तोंडाशीच तुकडे होऊन तुटते. वापरण्याच्या आदल्या दिवशी ती रात्रभर पाण्यात भिजवून ठेवली की पुन्हा चिवट होते. दोरी हेडवर दाखवलेल्या बाणाच्या दिशेनेच, आणि एकावर एक न चढवता गुंडाळावी, अन्यथा आतल्या आत चिकटून ती बाहेर येणे थांबते.

देखभालीत सर्वाधिक लक्ष पेट्रोलकडे द्यावे लागते. आता पंपावरच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते, आणि इथेनॉल हवेतील ओलावा ओढून घेते. असे पेट्रोल पावसाळ्यात टाकीत आठवडेच्या आठवडे राहिले तर पाणी खाली बसते, कार्बोरेटरचा डायफ्रॅम आणि रबरी नळ्या कडक होतात, आणि मग स्टार्टरची दोरी ओढून ओढून माणूस थकतो. त्यामुळे एका वेळेस लागेल तेवढेच पेट्रोल मी धातूच्या कॅनमध्ये नेतो, आणि काम संपल्यावर टाकी रिकामी करून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालू ठेवतो.

बाकीची निगा थोड्या वेळाची आहे. एअर फिल्टरचा फोम साबणाच्या पाण्यात धुऊन, पूर्ण वाळवून, त्यावर ऑइलचे थेंब टाकून पिळून बसवतो. ऑक्टोबरनंतर कुसळे उडू लागली की हे वारंवार करावे लागते. सिलिंडरच्या पंखांमधील धूळ ब्रशने काढतो. पात्यामागील गिअर बॉक्समध्ये बाजूचा स्क्रू काढून ग्रीस घालतो, पण ठासून भरत नाही, कारण जास्तीचे ग्रीस सील बाहेर ढकलते. पाते लावण्याचा नट उलट्या आट्याचा असतो, हे नव्या माणसाला आधीच सांगून ठेवावे. तीन दात्यांच्या पात्याला धार लावताना प्रत्येक दात्यावर कानशीचे सारखेच हात मारतो, म्हणजे तोल बिघडत नाही आणि हाताला कंपन जाणवत नाही. ग्राइंडरवर धार लावून देतो असे गावातील वेल्डिंगवाला म्हणतो, पण त्या उष्णतेने पोलादाचे पाणी, म्हणजे त्याचा कडकपणा, उतरते, म्हणून ते मी नाकारतो.

आंबिया बहाराची तोडणी आटोपली की यंत्र पुढील पावसाळ्यापर्यंत ठेवून देतो. त्या वेळी स्पार्क प्लग काढून आत ऑइलचे काही थेंब सोडतो, दोरी हळूच ओढून ते पसरवतो आणि प्लग पुन्हा बसवतो. यंत्राच्या पिशवीत एक जादा प्लग, डायफ्रॅमचा संच, स्टार्टरची दोरी आणि प्लगचा पाना असतो. काटोलमध्ये रविवारी यांतील काहीही मिळेलच याची खात्री नसते.