क्लेरोटेरिऑन, पाचवा आठवडा: नळी सुटली, चिंचोके मोजले

मंडळी, सोडतीचं यंत्र चाललं! काल रात्री सलग तीन फेऱ्या कुठेही न अडकता पार पडल्या.

नवीन मंडळींसाठी: इ.स.पू. चौथ्या शतकात अथेन्सच्या न्यायसभांत आज कोण बसणार, हे त्याच दिवशी सकाळी सोडतीने ठरे. वर्षासाठी ६,००० नागरिकांची यादी असे, वय तिशीच्या पुढे. क्लेरोटेरिऑन म्हणजे खाचांच्या उभ्या रांगा कोरलेली शिळा, बाजूला नळी. खाचांत नावांच्या पट्ट्या, नळीत काळे-पांढरे फासे. पांढरा पडला की ती आडवी ओळ निवडली, काळा पडला की त्या ओळीतले सगळे घरी. अशा शिळेचा तुकडा अथेन्सच्या अगोरा संग्रहालयात आहे. मी त्याचेच फोटो समोर ठेवून काम करतोय.

माझं मॉडेल १२ मिमी प्लायचं: ५ उभ्या रांगा, १० आडव्या, पट्ट्यांच्या जागी आइस्क्रीमच्या काड्या. फाशांऐवजी ८ मिमीचे मणी घेतले. पहिली नळी आतून १२ मिमीची होती, तिच्यात दोन मणी तिरपे होऊन एकमेकांत रुतायचे. ९ मिमीची पारदर्शक नळी आणली आणि मणी सरळ एकावर एक बसले. खाली खिट्टी, एका वेळी एकच मणी सोडणारी.

२० जण हवेत, म्हणून ४ पांढरे, ६ काळे. हाताने चालवल्यावर एक गोष्ट कळली, जी वाचताना निसटली होती. नागरिकांचे अक्षरांनी ओळखले जाणारे गट असत आणि प्रत्येक उभी रांग वेगळ्या गटाची. म्हणजे एक पांढरा मणी पाचही गटांतून एकेक माणूस उचलतो. समतोल आपोआप साधतो. शिवाय पट्ट्या खोवणारा माणूसही सोडतीनेच ठरे, रोज तोच राहून लबाडी करू नये म्हणून. हा बारकावा मला फार आवडतो. आपल्याकडे मतं समसमान पडली की ईश्वरचिठ्ठी काढतात. अथेन्समध्ये ५०० जणांची परिषदसुद्धा चिठ्ठीनेच बने. दहा सेनापती मात्र निवडून देत. युद्ध त्यांनी नशिबावर सोडलं नाही.

प्राचीन रोमचं मतदान मांडायला मात्र चिंचोके पुरले, एका मताला एक. सेंच्युरिया सभेत, म्हणजे मालमत्तेनुसार गट पाडलेल्या नागरिकांच्या सभेत, १९३ गट, दर गटाला एक मत. जुन्या रचनेत १८ गट घोडेस्वारांचे आणि ८० सर्वाधिक मालमत्तेच्या पहिल्या वर्गाचे. हे ९८ ताटात मोजले आणि हात थांबला, कारण ९७ लाच बहुमत झालं होतं. श्रीमंत एकमताचे असले तर खालच्या वर्गांपर्यंत मतदान पोचतच नसे. मालमत्ता नसलेल्या सगळ्या नागरिकांचा मिळून एक चिंचोका. पुढे पहिल्या वर्गाचे गट ७० केले, तेव्हा दुसऱ्या वर्गाला थोडी किंमत आली. सोडत तिथेही होती, पण पहिल्या वर्गातला कोणता गट आधी मत देणार, एवढ्यापुरतीच. त्या गटाचा कौल लोक शकुनासारखा मानत.

बायका, गुलाम, परके यांची ना तिथे काडी होती, ना इथे चिंचोका.

पुढचं काम मेणपाट्यांचं, म्हणजे मत कोरायच्या मेण लावलेल्या पाट्यांचं. इ.स.पू. १३९ च्या कायद्याने रोममध्ये अधिकाऱ्यांच्या निवडणुकीत गुप्त मतदान आलं, आणि इ.स.पू. ६३ च्या एका दिनारिअसवर (रोमन चांदीच्या नाण्यावर) पेटीत पाटी टाकणारा मतदार आहे. मेणबत्तीचं मेण ओरखड्याला तडकतंय. आता मधमाश्यांचं मेण मिसळून बघतो. कुणी प्रमाण काढलं असेल तर जरूर कळवा.