विहिरीमागचा कोपरा

वाफे इतके नीट राखता, मग विहिरीमागचा तो कोपरा असा रानटी का ठेवलाय? पावसाळ्यात घरी आलेलं कुणी ना कुणी हे विचारतंच. पाठोपाठ दुसरा प्रश्न येतो: म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात सगळं मिळत असताना परसात आणि रानात एवढा खटाटोप कशाला? तुम्ही विचारलंत म्हणून जरा सविस्तर सांगते.

त्या कोपऱ्यात आमची पावसाळ्यातली पहिली भाजी येते. मृगाच्या चार चांगल्या सरी कोसळल्या की थोड्याच दिवसांत तिथे टाकळा उगवतो. गोव्यात तो तायकिळो. त्या वेळी वाफ्यातल्या भेंड्याला जेमतेम चार पानं फुटलेली असतात, बेळगावहून येणारी भाजी महागलेली असते, आणि इथे न पेरता, न शिंपता टोपलीभर भाजी तयार. ती तण म्हणून उपटून टाकायला माझा हात धजत नाही.

तायकिळो ओळखायला सोपा. एकेका देठावर पानांच्या तीन जोड्या, टोकाकडची सगळ्यांत मोठी, आणि दिवस कलला की पानं जोडीजोडीने मिटतात. चुरगळलं तर उग्र वास येतो. रोप वीतभर असताना नुसता शेंडा खुडायचा. चिमटीत कट्कन तुटला तर कोवळा, तुटताना धागा ओढला गेला तर जून. शेंडे धुऊन बारीक चिरायचे, कांदा आणि हिरवी मिरची परतून त्यावर टाकायचे. उन्हाळ्यात जपून ठेवलेली भिकणं, म्हणजे फणसाच्या आठळ्या, उकडून ठेचून घालायच्या आणि उतरवताना मूठभर ओलं खोबरं. उकड्या तांदळाच्या पेजेबरोबर ही भाजी खाऊन बघा. आधी किंचित कडवटपणा लागतो, मग आठळीची पिठूळ गोडी येते. पिवळी फुलं धरली की त्या वर्षापुरती ती संपली. पुढच्या जूनपर्यंत वाट बघायची, आणि मला ही वाट बघणंही आवडतं.

बाजारात तायकिळ्याच्या जुड्या येतात, हे खरंच आहे. डोंगरातून उतरून त्या विकणाऱ्या बायकांकडून मी घेते, तुम्हीही घ्या. त्यांच्याइतकी रानाची जाण कुणाला नाही. पण जुडी घेताना भाजी मिळते, तिची पाळी कळत नाही. आधी तायकिळो, मागोमाग कुर्डू, मग कुंपणावर फागलांचा, म्हणजे करटोल्यांचा, वेल, श्रावणात अळमी, म्हणजे रानातली अळंबी. हा क्रम एकदा अंगात मुरला की राहत्या गावाशी वेगळंच नातं जडतं. मला या सगळ्यातून जे सुख मिळतं ते मुख्यतः हेच.

सासूबाईंनी मला भाजी ओळखायला शिकवली तेव्हा सुरुवात खाऊ नये त्यापासून केली. चतुर्थीला गणपतीच्या डोक्यावर फळापानांची माटोळी बांधतात, तिच्यात कवंडळं नावाची लालभडक रानफळं टांगतात. ती शोभेची, खायची नव्हेत, हे इथल्या पोराटोरांनाही ठाऊक असतं. तेरं, म्हणजे रानचं अळू, खायचं खरं, पण त्याचा मान राखून. त्यात कॅल्शियम ऑक्झलेटचे अणकुचीदार स्फटिक असतात, म्हणून घशाला खाज सुटते. भरपूर शिजवायचं आणि सोबत अंबाडे, आमसुलं असं काहीतरी आंबट घालायचंच. जिच्याबद्दल तिळभर शंका आहे ती भाजी तोडायची नाही, मग कुणी कितीही भरवसा देवो. अलीकडे रस्त्याच्या कडेला आणि काजूच्या बागांत तणनाशक मारतात, तिथली ओळखीची भाजीही मी घेत नाही.

अळम्यांबाबत मी जास्तच कडक आहे. वारुळाची अळमी वाळवीच्या जिवावर येतात. वाळवी जमिनीखाली आपल्या घरट्यात ती बुरशी पोसते, पावसात तिचीच छत्री वर येते. वारूळ खणलं की पुढच्या वर्षी तिथे काही उगवत नाही. कळ्याच तेवढ्या ओरबाडून नेल्या तर बीजाणू झडायचे कुठून? गोव्यात सातेरी देवी वारुळाच्या रूपात पुजली जाते. ज्या मातीपुढे आपण नमस्कार करतो तिच्यात कुदळ घालू नये, असं मला मनापासून वाटतं. काही छत्र्या उघडू द्याव्यात, बाकीच्या घ्याव्यात. आणि अभयारण्यातून तर काहीच आणू नये. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने तिथून परवानगीशिवाय वनोपज काढायला बंदी आहे आणि ती योग्यच आहे.

वाफ्यांचं सुख वेगळं. तिथे मी सात शिरांचा भेंडा लावते. नेहमीच्या भेंडीला पाच शिरा असतात, ह्याला सात, आणि लांबही भरपूर. सुंगटं, म्हणजे कोळंबी, घालून केलेल्या त्याच्या भाजीसाठी आमच्याकडे पाहुणे मुक्काम वाढवतात. ह्या भेंड्याला आता जीआय, म्हणजे भौगोलिक, मानांकन मिळालंय, पण तो टिकला तो घरोघरच्या परसांत, बी राखणाऱ्या बायकांमुळे. कडेने हळद असते, कंदासाठी आणि पानांसाठीही. नागपंचमीला आमच्याकडे हळदीच्या पानांत गूळखोबऱ्याच्या गोड पातोळ्या उकडतात, १५ ऑगस्टला मरियेच्या फेस्ताला शेजारच्या ख्रिस्ती घरांत. त्या दिवसांत दोन्हीकडची पानं आमच्याच परसातून जातात.

भेंड्याचं बी हवं असेल तर दसऱ्यानंतर या. सुरुवातीच्या बहरातल्या दोन सरळ, निरोगी शेंगा मी झाडावरच वाळू देते आणि दाणे राखेत घोळून बरणीत ठेवते. मूठभर सहज देता येईल. तायकिळ्याचं बी मात्र मागू नका, तुमच्या परसात ते आधीपासून पडलेलं असणार.