मॉडरेटरला जाब विचारायचा कसा?

नियम मोडणाऱ्या पोस्ट हटवणारा, खाती निलंबित करणारा तो मॉडरेटर. त्याच्याविरुद्धची तक्रार वाचतो कोण? बहुतेक छोट्या सर्व्हरवर तोच मॉडरेटर, किंवा त्याचा रोजचा सहकारी. मॅस्टोडॉन (ट्विटरसारखं) किंवा लेमी (चर्चामंचासारखं) ही समाजमाध्यमं विकेंद्रित आहेत, म्हणजे वेगवेगळ्या लोकांनी चालवलेले, एकमेकांशी जोडलेले स्वतंत्र सर्व्हर. तिथे वर दाद मागायला मुख्यालय नसतं. म्हणून "पटत नसेल तर दुसऱ्या सर्व्हरवर जा" असं सांगून विषय मिटवला जातो. पण मॅस्टोडॉनवर खातं हलवलं की फॉलोअर सोबत येतात, जुन्या पोस्ट मागेच राहतात. शिवाय खातं निलंबित झालं असेल, तर ते हलवताच येत नाही. म्हणजे ज्याला दाराची सर्वांत जास्त गरज, त्याच्यासाठीच ते बंद. त्यामुळे उत्तरदायित्वाची सोय त्या सर्व्हरवरच करावी लागते.

सुरुवात नोंदीपासून. लेमीवर मॉडरेशनची नोंदवही सगळ्यांना उघडी असते. कारवाई करणाऱ्याचं नाव झाकण्याची सोय मात्र प्रशासकाकडे असते. मॅस्टोडॉनची नोंदवही फक्त परवानगी असलेल्यांना दिसते. म्हणून तिथल्या चमूने दर महिन्याला स्वतःहून गोषवारा द्यावा: तारीख, कारवाई, कोणत्या क्रमांकाचा नियम मोडला, किती मुदतीसाठी, अपील झालं का आणि त्याचं काय झालं. काढलेला मजकूर त्यात देऊ नये, नाहीतर जे हटवलं तेच पुन्हा पसरतं. तक्रारदाराची ओळख पटेल असा तपशीलही नको. एकदा जरी ती फुटली तरी पुढच्या तक्रारी येणं थांबतं. मॉडरेटरचं नाव बाहेर द्यावं का, हा खरा अवघड प्रश्न आहे. स्वयंसेवकाला घरापर्यंत त्रास पोहोचू शकतो. माझं मत असं, की बाहेर चमूची सही असावी, पण आतल्या नोंदीत प्रत्येक कारवाईपुढे नाव असलंच पाहिजे.

अपिलाची यंत्रणा मॅस्टोडॉनमध्ये २०२२ पासून, म्हणजे ३.५ आवृत्तीपासून आहे. कारवाईनंतर २० दिवसांत ते करता येतं. ४.० पासून स्वतःच्या भूमिका तयार करता येतात, आणि अपील हाताळण्याची परवानगी इतर अधिकारांपासून वेगळी देता येते. याचा फायदा फार थोडे सर्व्हर घेतात. फक्त अपील आणि नोंदवही पाहण्याची परवानगी असलेली एक भूमिका बनवा आणि ती रोजच्या मॉडरेशनमध्ये नसलेल्या दोघांना द्या. एका कारवाईवर एकच अपील, उत्तर सात दिवसांत, आणि उत्तरात कारण लिहिलेलं, एवढा नियम पुरतो. अपिलांना मर्यादा नसेल तर एकच चिकाटीचा माणूस सगळ्या चमूला थकवतो, आणि आधी सोडून जातात ते सगळ्यात विचारी मॉडरेटर.

स्वतः ज्या वादात उतरलो, त्यात स्वतः कारवाई करायची नाही, हा विकिपीडियाचा प्रचालकांसाठीचा (म्हणजे पानं हटवण्याचे, सदस्यांना प्रतिबंधित करण्याचे अधिकार असलेल्यांसाठीचा) नियम जसाच्या तसा उचलावा. धमकी किंवा खाजगी माहिती फोडणं असा तातडीचा प्रकार असेल तर आधी लपवा, मग लगेच दुसऱ्याकडे सोपवा.

पद काढून घेण्याची वाटही आधीच लिहून ठेवावी लागते, कारण भांडण पेटल्यावर ठरवलेला नियम कुणालाच निष्पक्ष वाटत नाही. जर्मन विकिपीडियावर एका महिन्यात २५ किंवा सहा महिन्यांत ५० पात्र सदस्यांनी मागणी केली, की प्रचालकाला पुन्हा निवडणुकीला सामोरं जावं लागतं. इंग्रजी विकिपीडियाने २०२४ मध्ये महिन्यात २५ सह्यांची पद्धत स्वीकारली. छोट्या समुदायाने आकडा आपल्या सक्रिय सदस्यांच्या प्रमाणात ठरवावा, पण मतदाराचं खातं वाद सुरू होण्याआधीचं असण्याची अट सोडू नये. ती नसेल तर रातोरात उघडलेली खाती निकाल ठरवतात.

तरीही हे सगळं असून समुदाय हातचा जाऊ शकतो. क्रोएशियन विकिपीडियावर तेच झालं. विकिपीडिया चालवणाऱ्या विकिमीडिया फाउंडेशनने २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार साधारण दशकभर एका छोट्या गटाने तिथलं प्रशासन काबीज केलं होतं. विरोध करणारे संपादक प्रतिबंधित होत गेले. विरोधकच बाहेर गेल्यावर मतदानाला अर्थ काय उरणार? आतली निवडणूक इथे अपुरी पडते, बाहेरची नजर लागते. दोन सर्व्हरनी एकमेकांची कायमच्या निलंबनाविरुद्धची अपिलं ऐकायची, असा करार मला सर्वांत व्यवहार्य वाटतो. पुरावा दाखवताना खाजगी संदेश आणि आयपी पत्ते मात्र वगळावेत.

एका सर्व्हरने दुसऱ्या संपूर्ण सर्व्हरशी संबंध तोडणं ही तर शेकडो लोकांवर एकदम होणारी कारवाई. अशा वेळी तुटलेली फॉलो-नाती बंदी उठवल्यावर आपोआप परत जुळत नाहीत. मॅस्टोडॉनच्या ४.३ आवृत्तीपासून सदस्यांना याची सूचना मिळते आणि तुटलेल्या नात्यांची यादी उतरवून घेता येते. निकड नसेल तर आधी त्या सर्व्हरला फक्त 'मर्यादित' करावं (म्हणजे तिथल्या पोस्ट फक्त फॉलोअरना दिसतात), दोन मॉडरेटरांची संमती घ्यावी आणि कारण जाहीर करून मगच तोडावं.

उरतो सर्व्हरचा मालक. डोमेन, बिल आणि डेटाबेस ज्याच्या हातात, त्याला वरचे कुठलेच नियम बांधत नाहीत. डेटाबेसमध्ये थेट केलेला बदल नोंदवहीत उमटतही नाही. मॅस्टोडॉनच्या अधिकृत संकेतस्थळावरच्या यादीत येण्यासाठी सर्व्हरना जो 'सर्व्हर करार' पाळावा लागतो, त्यात किमान आणखी एका व्यक्तीकडे आणीबाणीचा प्रवेश, रोजचा बॅकअप आणि बंद करण्याआधी तीन महिन्यांची सूचना या अटी आहेत. त्यात आणखी एक घालावी: मालकाने मॉडरेशनच्या रांगेत स्वतः निर्णय द्यायचे नाहीत, आणि दिलाच तर तो अपिलासाठी आपोआप दुसऱ्या सर्व्हरकडे जावा.