मामांची आकडी आणि न्यूरोलॉजिस्टची तपासणी : माझा अनुभव

महिन्याभरात मामांना दोनदा आकडी आली. सोलापुरात 'मेंदूचे डॉक्टर' विचारलं की कुणी न्यूरोसर्जन सांगतं, कुणी मानसोपचारतज्ज्ञ. मी पाटीवरची पदवी बघितली. एम.सीएच. म्हणजे शस्त्रक्रिया करणारे. आकडी, लकवा, कंपवात यांसाठी न्यूरोलॉजीतले डी.एम. किंवा डी.एन.बी. लागतात. इंटर्नशिप धरून एमबीबीएसची साडेपाच वर्षं, एम.डी.ची ३, मग पुन्हा प्रवेशपरीक्षा देऊन डी.एम.ची ३.

एवढं शिक्षण मला दिसलं ते आम्ही गाठलेल्या न्यूरोलॉजिस्टच्या प्रश्नांत. मान आधी कुठल्या बाजूला वळली? जीभ टोकाला चावली की कडेला? शुद्धीवर आल्यावर गोंधळ किती वेळ होता? मामांना यातलं काही आठवणं शक्यच नव्हतं. म्हणून ज्यांनी आकडी पाहिली त्या मामींनाच सोबत नेलं होतं, आणि भाच्याने मोबाईलवर घेतलेला ४० सेकंदांचा व्हिडिओ. डॉक्टरांनी तो तीनदा पाहिला. मान जोरात डावीकडे ओढली गेली होती, म्हणजे सुरुवात बहुधा मेंदूच्या उजव्या बाजूला. मग हातोडीच्या दांड्याचं टोक त्यांनी टाचेपासून तळव्याच्या बाहेरच्या कडेने बोटांकडे ओढलं. अंगठा खाली वाकला, हे चांगलं. तो वर उचलला गेला असता तर मेंदूकडून येणाऱ्या मार्गात बिघाड समजायचा.

ईईजीला, म्हणजे मेंदूतल्या विजेच्या लहरींचा आलेख काढतात त्या तपासणीला, मात्र आमचा एक हेलपाटा झाला. मामांच्या डोक्याला तेल होतं, आणि तेलकट त्वचेवर तारा नीट चिकटत नाहीत. आदल्या रात्री शाम्पूने केस धुवा, पूर्ण वाळवा, उपाशीपोटी जाऊ नका. झोप कमी घ्यायची का, ते आधी विचारा. चालू गोळी मनाने बंद करू नका. २० च्या वर तारा लावतात, ३ मिनिटं जोरजोरात श्वास घ्यायला लावतात, डोळ्यांपुढे दिवा लुकलुकवतात. दुखत अजिबात नाही.

रिपोर्ट नॉर्मल आला. घरी सगळे म्हणाले, आता गोळ्या कशाला? पण ईईजी फक्त त्या अर्ध्या तासाचं सांगतो. दोन आकड्यांच्या मधे तो कोरा येऊ शकतो. निदान ठरलं ते मामींच्या सांगण्यावरून आणि व्हिडिओवरून, त्यामुळे गोळी सुरूच राहिली.

गोळी १२-१२ तासांनी. एकादशीला मामांचा कडक उपास असतो, त्या दिवशीही ती पाण्याबरोबर घ्यायचीच, हे मी डॉक्टरांकडून त्यांच्यासमोरच वदवून घेतलं.