पोळपाटासाठी हार्ड मेपल आणि वखारीतले तीन शनिवार

आईने दिलेला पोळपाट मिशिगनच्या पहिल्याच हिवाळ्यात, हीटरच्या कोरड्या हवेत, मधोमध तडकला. नवा आपणच करायचा आणि हार्ड मेपलचाच करायचा, हे मी लगेच ठरवलं. ज्याच्या रसाचं सिरप होतं तेच हे झाड. छिद्रं इतकी बारीक की कणीक आत जाऊन बसत नाही. पोलादी गोळी लाकडात अर्धी रुतवायला याला सुमारे १४५० पौंड जोर लागतो, तर सॉफ्ट मेपल म्हणवणाऱ्या मऊ जातींमधल्या लाल मेपलला ९५०. बास्केटबॉलची मैदानं उगीच याची करत नाहीत.

वखारीतून फळी आणली, टोकाचा तुकडा कापला आणि रंधा फिरवला. रंधा फारच सहज चालला, तिथेच शंका आली. तुकडा बरोबर १० बाय १० बाय २ सेंटीमीटरचा करून स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवला: १२१ ग्रॅम. हार्ड मेपल १४०च्या आसपास भरायला हवं होतं.

पहिल्या शनिवारी खिडकीवर उत्तर मिळालं, मेपल म्हणजे मेपल. शिवाय फळी कापलेली, म्हणून परत घेता येणार नाही. अहो, कापल्याशिवाय कळणार कसं? दुसऱ्या शनिवारी एक फॉर्म भरून घेतला, साहेब नाहीत म्हणाले आणि मला पाऊण तास उभं ठेवलं. पावतीवर नुसतं ‘मेपल’ लिहिलेलं होतं, भाव मात्र हार्डचा लावलेला. पावतीवर ‘हार्ड’ शब्द लिहून घेतल्याशिवाय पैसे देऊ नका, हे मी आता भेटेल त्याला सांगतो.

तिसऱ्या शनिवारी मागच्या शेडमधले एक वयस्कर कामगार आले. त्यांनी पात्याने फळीचं टोक साफ तासलं आणि भिंग लावलं. गाभ्याकडून सालीकडे जाणाऱ्या रेषा हार्ड मेपलमध्ये दोन जाडीच्या असतात, जाड रेषा छिद्राएवढी रुंद. या फळीत त्या सगळ्याच बारीक होत्या. “सॉफ्ट आहे, बदलून द्या,” म्हणाले. अर्ध्या मिनिटात! मला तर त्यांच्या पायाच पडावंसं वाटलं.

पुढचं काम दोन संध्याकाळींत झालं. एवढं मात्र सांभाळा, करवतीचं पातं धारदार हवं आणि हात मध्येच थांबता कामा नये, नाहीतर मेपल जळून काळे चट्टे पडतात. सागासारखा दिसावा म्हणून स्टेन लावू नका, डाग धरतो. मी फक्त खाण्याजोगं मिनरल ऑइल चोळलं. आणि हो, फळी घरात आणल्यावर दोन-तीन आठवडे तशीच ठेवा, हे आधीच सांगायला हवं होतं. मेपल हवेप्रमाणे बरंच फुगतं-आकसतं. म्हणूनच खाली आडव्या पट्ट्या न चिकटवता तीन सुटे पाय लावलेत.

परवा व्हिडिओ कॉलवर आईने पोळपाट उलटा करून पाय दाखवायला सांगितले. “डुगडुगत नाही ना रे?” नाही डुगडुगत.