केस रोज असे नसतात

२९ मे, रात्री साडेअकरा

संस्थेच्या ऑफिसात आज सगळे १०बीडी फॉर्मच्या मागे. देणग्यांचा तपशील ३१ मेच्या आत आयकर खात्याच्या पोर्टलवर चढला नाही, तर देणगीदारांना ८०जीची करसवलत मिळताना पंचाईत होते. ज्यांचे पॅन नंबर चुकलेत त्यांना फोन करायचं काम दुपारी माझ्या गळ्यात पडलं. कम्युनिकेशनवाली म्हणजे फोन करणारी, असा साधा हिशोब.

तेवढ्यात एक अनोळखी नंबर आला. वाटलं, पॅनवालंच कुणीतरी असणार.

"मॅडम, मी वसतिगृहातली. बीडची." नाव ऐकल्यावर चेहरा आठवावा लागलाच नाही. चार वर्षं तो आमच्या दारातल्या स्टँडीवर, म्हणजे गुंडाळता येणाऱ्या उभ्या फलकावर, उभा आहे, रोज त्याच्या शेजारी चपला काढते मी.

तिचे आईबाप ऊसतोडीला जायचे. दिवाळीच्या आसपास टोळ्या निघतात, सांगली-कोल्हापूरकडे नाहीतर कर्नाटकात, आणि पट्टा पडेपर्यंत, म्हणजे हंगाम संपेपर्यंत, तिकडेच. नवराबायकोची जोडी म्हणजे 'एक कोयता', मुकादमाची आगाऊ उचल त्या जोडीवर. (माणसं मोजायची ही रीत पहिल्यांदा ऐकली तेव्हा मी ती लगेच अहवालाच्या मथळ्यात घातली होती. शाबासकीही मिळाली होती.) मागे राहिलेली पोरं आजीकडे, नाहीतर हंगामी वसतिगृहात. ही तेव्हा नववीत होती.

"कॉलेजात एकीनं मोबाइलवर दाखवला, ही तूच ना म्हणून. तो फोटो काढता येईल का?" आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं, मला निदान सॉरी म्हणून मोकळं होता आलं असतं. मग म्हणाली, "त्या दिवशी मला ताप होता. माझे केस रोज असे नसतात."

मी काढते म्हटलं. फोन ठेवता ठेवता तिनं विचारलं, "तुम्ही हसतानाचापण काढला होता की. तो का नाही लावला?"

याचं उत्तर मला माहीत आहे, तिला दिलं नाही. ठरावीक आकारापुढच्या कंपन्यांना कायद्यानं नफ्याचे २ टक्के समाजकामावर खर्च करावेच लागतात. ते कुणाच्या पदरात पडायचे हे मात्र बऱ्याचदा असा एखादा फोटो ठरवतो. हसणाऱ्या मुलीला काय कमी आहे, असं बघणाऱ्याला वाटेल, म्हणून तो बाजूला पडला. वरून दबाव वगैरे काही नव्हता. निवडला मीच. खालची ओळही माझीच, 'अंधारातून उजेडाकडे'. फोटो भर दुपारचा आहे, ऊन टळटळीत.

संध्याकाळी संमतीपत्राची फाइल काढली. मराठीत, स्वच्छ टाइप केलेलं, खाली आजीचा निळा अंगठा. 'शैक्षणिक व प्रसिद्धीच्या कामासाठी' हे मी तिला वाचून दाखवलं होतं. ती म्हणाली होती, "पोरीला पुस्तकं भेटतील ना?" मी हो म्हणाले आणि शाईचा पॅड पुढे केला. पुस्तकं दिलीही आम्ही, पण तो अंगठा पुस्तकांवर होता, फोटोवर नव्हता. २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यात दिलेली संमती मागे घ्यायची तरतूद आहे. आमच्या फॉर्मवर तसा रकानाच नाही. उद्या घालते.

वेबसाइटवरून फोटो दहा मिनिटांत उतरला. छापील अहवाल आणि टेबल कॅलेंडरं कुणाकुणाच्या घरी आहेत, ती काही परत येत नाहीत. एका देणगीदार कंपनीला त्यांच्या सादरीकरणातून तो काढा म्हणून कळवलं, तर तिकडून फोन, "त्याला रिस्पॉन्स फार छान होता हो. बदली काय देताय?" बदली! स्टँडी मी स्वतः गुंडाळली. स्प्रिंग बिघडलीय तिची, दोनदा उलगडून परत वर आली.

मग जुनी हार्ड डिस्क उघडून बसले. त्या एका दिवसाचे १४० फोटो. हसतानाचा सापडला. जरा हललाय, मागे कुणाचा तरी हात आलाय, पण हसू अगदी दात दिसेपर्यंतचं. व्हॉट्सॲपवर पाठवला. बराच वेळ निळ्या खुणा नुसत्याच. मग मेसेज आला: "आजीला दाखवते. तिच्याकडे माझा एकपण फोटो नाही, शाळेच्या दाखल्यावरचा सोडून."

१४० मधला एकही आम्ही त्या घरी दिला नव्हता.

उद्या चौकातल्या स्टुडिओतून मोठी प्रिंट काढून कुरिअर करायची. पैसे माझ्याच पाकिटातून. अकाउंट्सकडे मागितले तर आधी विचारतील, हे कुठल्या हेडला टाकायचं.